रहस्यकथेचे कपाट आणि बालविभागाचे कपाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत, यावर आपल्या वाचकांच्या पत्रांत बरीच भवति न भवति चालू आहे. त्यात एक सूर पुन्हा पुन्हा उमटतो: खून-चोऱ्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना बालविभागात थारा नको, मुलांसाठी लिहिणारा वेगळा आणि पोलिसी कथा लिहिणारा वेगळा. ग्रंथालयात कपाटे वेगळी हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण लिहिणाराही वेगळाच असायला हवा, हे पटत नाही. ऑस्ट्रेलियातील एका लेखिकेची कारकीर्द यावर इतका स्वच्छ प्रकाश टाकते की ती थोडी तपशिलात मांडावी असे वाटले. शेवटी सोलापुरातल्या ग्रंथालयांच्या कामाचेही चार मुद्दे आहेत.

लेखिकेचे खरे नाव जेनिफर रो. जन्म १९४८, न्यू साउथ वेल्स. वडील सिडनीच्या एटीएन-७ या दूरचित्रवाणी केंद्राचे पहिले महाव्यवस्थापक. सिडनी विद्यापीठातून १९७३ मध्ये इंग्रजी साहित्यात एम. ए., आणि पुढे अँगस अँड रॉबर्टसन या जुन्या प्रकाशनसंस्थेत संपादक व प्रकाशक म्हणून नोकरी. स्वतःच्या मुलीसाठी रचलेली एक गोष्ट त्यांना छापावीशी वाटली, पण ज्या संस्थेत आपण हस्तलिखिते निवडतो तिथेच आपल्या नावाचे हस्तलिखित कसे द्यायचे? म्हणून त्यांनी आजीचे लग्नाआधीचे नाव घेतले: एमिली रॉडा. 'समथिंग स्पेशल' हे ते पुस्तक १९८४ मध्ये आले. शाळेच्या जत्रेत जुन्या कपड्यांचा स्टॉल लागतो आणि त्या कपड्यांत त्यांच्या मूळ मालकिणींचे काहीतरी उरलेले असते, एवढीच कल्पना. पुढच्याच वर्षी त्याला चिल्ड्रन्स बुक कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलियाचा पुरस्कार मिळाला. मग १९८७, १९८९, १९९१, १९९४ आणि बऱ्याच वर्षांनी २०१९ मध्ये 'हिज नेम वॉज वॉल्टर'साठी तोच मान पुन्हा मिळाला.

आता दुसरी बाजू. बालपुस्तके निघत होती त्याच काळात जेनिफर रो या खऱ्या नावाने त्या मोठ्यांसाठी रहस्यकथा लिहीत होत्या. पहिली 'ग्रिम पिकिंग्ज': ब्लू माउंटन्स भागात सफरचंदाच्या बागेत तोडणीसाठी नातलग आणि मित्रमंडळी जमतात, आणि बागेत खून होतो. शोध घेणारी व्हेरिटी बर्डवूड पोलीस नाही, टीव्ही संस्थेत माहिती जमवणारी संशोधक आहे. मैत्रिणी तिला बर्डी म्हणतात. 'मर्डर बाय द बुक' तर प्रकाशनसंस्थेतच घडते. ज्या खोल्यांत आयुष्य गेले त्याच खोल्यांत लेखिकेने मुडदा पाडला, एवढे स्वातंत्र्य लेखकाला असावे. पुढे टेसा व्हान्स ही पोलीस अधिकारी आली आणि तिच्यावरची 'मर्डर कॉल' ही टीव्ही मालिका १९९७ ते २००० या काळात चालली. या सगळ्याच्या मध्येच, १९८८ ते १९९२, त्या 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली'च्या संपादक होत्या. नावाला साप्ताहिक, प्रत्यक्षात तोवर मासिक झालेले.

म्हणजे सहा वेळा बालसाहित्याचा मान मिळवणारी बाई आणि सफरचंदाच्या बागेत खून घडवणारी बाई एकच. आमचे म्हणणे असे की मुलांची पुस्तके चांगली उतरली ती रहस्यकथेचा हात बसलेला असल्यामुळेच.

हे नेमके कसे, ते सोलापुरात सांगायला सोपे आहे. जेकार्डच्या मागावर चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, मग कार्डावर भोके पडतात. भोक असेल तिथे ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. एक भोक पाडायचे राहिले तर चूक त्या कार्डापुरती राहत नाही. कार्डांची साखळी फिरून आली की नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात ती पुन्हा उमटते. रहस्यकथेत दुवा पेरणे हे असेच काम आहे. शेवटच्या प्रकरणात जो धागा उचलायचा, त्याचे भोक दुसऱ्या प्रकरणात पडलेले हवे. आणि ते वाचकाच्या डोळ्यांसमोर पडायला हवे, पाठीमागे नव्हे. खुनी म्हणून शेवटच्या पानावर नवाच माणूस आणला तर मोठा वाचक पुस्तक बाजूला टाकतो. मूल मात्र लेखकावरचा विश्वासच टाकते, आणि तो परत मिळत नाही.

'फाइंडर्स कीपर्स' (१९९०) पाहा. पॅट्रिक नावाचा मुलगा एका टीव्हीवरच्या स्पर्धेत शिरतो. आपल्याकडच्या हरवलेल्या वस्तू एका अडसराच्या पलीकडच्या जगात पोचलेल्या असतात, आणि तिकडून हरवलेल्या इकडे. कोड्यांवरून त्या शोधायच्या. ही सरळ सरळ शोधकथा आहे, फक्त मुडदा नाही. 'रोवन ऑफ रिन' (१९९३) मध्ये गावाचा ओढा आटतो. गावातले सहा धट्टेकट्टे लोक आणि सगळ्यांत भित्रा रोवन, असे सात जण डोंगरावर कारण शोधायला निघतात. नकाशा कोरा असतो. तो फक्त रोवनच्या हाती आला की उमटतो, तोही पुढच्या टप्प्यापुरता. भित्र्या मुलाला बरोबर न्यावेच लागते, याचे यापेक्षा चोख कारण रचता येणार नाही. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या मुलाला ओढा आटणे म्हणजे काय हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. नव्वदच्या दशकातच 'टीन पॉवर इंक'ची तीस पुस्तके निघाली, काही इतर लेखकांच्या मदतीने. त्यात सहा मुले फुटकळ कामे घेतात आणि दर कामात एक भानगड निघते. ही कमी प्रतीची, पण वाचायला पटपट सरकणारी; ज्यांचे वाचन अडखळते त्यांना आधी हीच द्यावीत.

सर्वांत गाजली ती 'डेल्टोरा क्वेस्ट'. पहिली मालिका २००० मध्ये सुरू झाली, आठ भागांची. दुसरी तीन, तिसरी चार, म्हणजे एकूण पंधरा. जपानमध्ये २००७ पासून त्यावर ६५ भागांची ॲनिमे मालिका झाली. सात रत्नांचा पट्टा फोडला गेला आहे, रत्ने सात ठिकाणी लपवलेली आहेत. लीफ, बार्डा आणि जॅस्मिन ती शोधायला निघतात. एका भागात एक रत्न, हे गणित पहिल्याच पुस्तकात कळते, म्हणून मूल किती वाचले आणि किती उरले हे बोटांवर मोजू शकते. लांब मालिका वाचून पुरी होण्यामागे या मोजता येण्याचा मोठा वाटा आहे.

रत्नांचे गुणही आधी सांगून मग वापरले जातात. संकट जवळ आले की माणिक फिके पडते. विषारी अन्नाजवळ ॲमेथिस्टचा रंग उतरतो. नियम कळल्यावर लेखिकेला 'आता धोका आहे' असे लिहावेच लागत नाही. माणिक फिके पडले एवढे वाक्य पुरते आणि मूल पुढचे पान उलटते. पहिल्या भागाची रचनाही रहस्यकथाकाराची आहे. आधी राजवाड्यातले दोन मित्र, एंडन आणि जॅरेड, यांची हकिकत. मग एकदम सोळा वर्षांची उडी, लोहारशाळा, आणि लीफचा सोळावा वाढदिवस. त्या उडीत वाचक स्वतःहून काही गोष्टी गृहीत धरतो. त्याचा हिशेब आठव्या भागात होतो. तो इथे सांगत नाही. देवघेवीच्या टेबलावर शेवट फोडणाऱ्या वाचकाला काय म्हणतात ते ग्रंथालयात बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

मराठीला हे परके नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचून एका अख्ख्या पिढीला भराभर वाचायची सवय लागली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तरी काय करतो, भानगडींचा माग काढतो. तुटली ती मधली पायरी: नऊ ते तेरा वयाच्या मुलासाठी, नियम पाळून रचलेली, अनेक भागांची शोधकथा.

आता कामाचे. अशी मालिका घेताना हमखास चुका होतात. मार्चअखेर अनुदानाचे पैसे संपवायची घाई असते, विक्रेत्याच्या यादीत सुटे भाग असतात, आणि संचातला दुसरा, पाचवा आणि सातवा भाग दाखल होतो. पहिलाच नाही म्हणून ही तिन्ही पुस्तके कोरी राहतात आणि 'मुले वाचत नाहीत' असा शेरा पडतो. म्हणून यादीत मालिकेचे नाव आणि एकूण भाग लिहावेत, आणि पूर्ण संच असेल तरच घेऊ असे विक्रेत्याला आधी बजावावे. पंधरा भागांचा एक संच घेण्यापेक्षा पहिल्या आठ भागांचे दोन संच घ्यावेत. आठव्या भागाशी गोष्ट पुरी होते. पहिल्या भागाची एक प्रत जास्त घ्यावी, कारण सुरुवात सगळेच त्याने करतात आणि झिजतो तोच. कण्यावर भागाचा क्रमांक अंगठ्याच्या नखाएवढा, देवनागरीत, दाखल क्रमांकाच्या वर लिहावा. इंग्रजी नावांवरून क्रम लागत नाही आणि मूल सहावा भाग दुसरा समजून नेते.

नोंदणीत दोन नावांचा घोळ होतो. रॉडा आणि रो ही एकच व्यक्ती आहे हे कळल्यावर काही उत्साही मंडळी सगळी पुस्तके एका ठिकाणी लावतात. तसे करू नये. बर्डवूड आणि टेसा व्हान्स यांची पुस्तके मोठ्यांची आहेत, ती मोठ्यांच्याच कपाटात हवीत. रॉडाची नोंद रॉडाखाली आणि रोची रोखाली ठेवून दोन्हीकडे 'हेही पाहा' असा एक शेरा पुरे. मूल सोळा-सतरा वर्षांचे झाले की त्याच शेऱ्यावरून पलीकडच्या कपाटाकडे जाईल.

बांधणीबद्दल एकच सूचना. पुस्तक जाड पुठ्ठ्यात बांधताना बाइंडर तिन्ही कडा कापून सारख्या करतो. ज्या पुस्तकांत नकाशे, कोडी आणि चिन्हे पानाच्या कडेपर्यंत आलेली असतात, त्यांत दोन-तीन मिलिमीटर गेले तरी उत्तर जाते. अशा पुस्तकांवर 'कडा कापू नये' अशी चिठ्ठी लावूनच ती बांधायला द्यावीत. आणि कोड्याच्या पानावर पेन्सिलीने उत्तर लिहिलेले परत आले तर दंड करण्याआधी खोडून घ्यावे. ज्याने लिहिले त्याने पुस्तक वाचले आहे, एवढे तरी सिद्ध होते.

सर्वांत कठीण प्रश्न भाषेचा. सोलापुरात बालविभागात येणाऱ्या मुलाच्या घरी मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू यांपैकी काहीही असू शकते, आणि इंग्रजी कादंबरी सलग वाचणारी मुले थोडीच. भाषांतर हवे असे सगळेच म्हणतात. पण अशा पुस्तकाचे भाषांतर वाक्यांचे करून भागत नाही, कोड्यांचे करावे लागते. (पुढच्या परिच्छेदात आठव्या भागातले एक कोडे फुटते. ज्यांना मालिका वाचायची आहे त्यांनी तेवढा गाळावा.)

पट्ट्यात सात रत्ने नुसती बसवून चालत नाही, क्रम बरोबर हवा. तो क्रम इंग्रजी आद्याक्षरांत आहे: डायमंड, एमराल्ड, लॅपिस लाझुली, टोपाझ, ओपल, रूबी, ॲमेथिस्ट, आणि त्यातून देशाचेच नाव तयार होते. आता हे देवनागरीत मांडा. रोमन लिपीतली सात अक्षरे देवनागरीत डे, ल्टो, रा अशी तीनच उरतात. सात रत्ने तीन अक्षरांत बसवणार कशी? मराठी नावे घेतली तर हिरा, पाचू, लाजवर्द, पुष्कराज, ओपल, माणिक, कटेला, आणि यातून काहीच शब्द निघत नाही. शिवाय पुष्कराज म्हटले की सराफाच्या दुकानात बहुधा पिवळा नीलम दाखवतात, टोपाझ नव्हे. भाषांतरकाराने इथे तळटीप देऊन 'इंग्रजीत असे होते' म्हटले तर आठ पुस्तकांची कमाई एका तळटिपेत बुडते. उपाय दोनच. एक, सात ओळींचे पद रचायचे, प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर एका रत्नाचे, आणि ते पद पहिल्या भागापासून अधूनमधून कुणाच्या तरी तोंडी घालायचे. दुसरा, देशाचे नावच नवे पाडायचे. दोन्हींना मूळ प्रकाशकाची लेखी परवानगी लागते, आणि ती भाषांतर-हक्काच्या करारातच स्पष्ट लिहून घ्यावी. नंतर पत्रव्यवहार करत बसले की पुस्तक अडते.

भाषांतर होईल तेव्हा होईल. तोवर बालविभागाला स्वतःची कोडी करता येतात, त्यासाठी कुणाचा मजकूर उचलायची गरज नाही. वरच्याच युक्तीचा एक नमुना देतो. खडे आठ: गोमेद, पाचू, माणिक, कटेला, हिरा, लसण्या, नीलम, राजावर्त. नियम: नावाचे पहिले अक्षर घ्या, मात्रा सोडा; शब्दाला लागतील त्या मात्रा मागून घाला. क्रम असा लावा की घंटागाडीवर रोज दिसणारा शब्द तयार होईल. माणिक, हिरा, नीलम, गोमेद, राजावर्त, पाचू, लसण्या, कटेला: महानगरपालिका. मात्रा सोडायची हे सांगायला विसरलात तर 'माहिनीगोरापालक' होते आणि मूल पालकाच्या भाजीपर्यंत जाऊन अडकते. म्हणून नियम आधी लहान शब्दावर शिकवावा (पाचू, नीलम: पान) आणि मगच मोठा द्यावा.

सांकेतिक लिपीत इंग्रजीची नक्कल केली की पहिल्याच दिवशी फसते. तिथे एका अक्षराला एक आकडा पुरतो, आपल्याकडे मात्रा असतात. आपली वर्णमाला मात्र आयतीच चौकटीत बसलेली आहे, तिचा फायदा घ्यावा. क-वर्ग पहिली ओळ, च-वर्ग दुसरी, ट-वर्ग तिसरी, त-वर्ग चौथी, प-वर्ग पाचवी. य र ल व श सहावी. ष स ह ळ सातवी. ओळीचा आकडा आधी, ओळीतली जागा नंतर: क म्हणजे ११, म म्हणजे ५५, र म्हणजे ६२. एवढ्यावर थांबलात तर ५१-६२ हे पर, पार, पूर, पोर यांपैकी काहीही होऊ शकते. म्हणून तिसरा आकडा स्वराचा: अ १, आ २, इ ३, ई ४, उ ५, ऊ ६, ए ७, ऐ ८, ओ ९, औ ०. मग ७२९-६३२-५१६-६२१ याचे उत्तर एकच येते: सोलापूर. जोडाक्षरे आणि अनुस्वार पहिल्या पाच-सहा कोड्यांत टाळावेत. मुले सरावली की अर्ध्या अक्षराला दोनच आकडे द्यायचे एवढा नियम वाढवावा. आकडे वहीच्या चौकटीच्या कागदावर लिहायला सांगावेत, नाहीतर ७२ आणि ९ वेगळे पडून गोंधळ होतो.

गटवाचन करायचे असेल तर दर गटात सहा-सात मुले पुरेत, म्हणजे दोन संचांत भागते. आठवड्याला एक भाग धरला तर आठ आठवडे लागतात आणि सुट्टी तेवढी नसते. म्हणून पहिले दोन भाग वार्षिक परीक्षा संपायच्या बेतात, शनिवारी मोठ्याने वाचून दाखवावेत. इंग्रजी वाक्य वाचून लगेच मराठीत सांगत गेले तरी चालते, कोड्यापाशी मात्र थांबून पान सगळ्यांना दाखवावे. मेमध्ये दुपारी कुणी येत नाही, वेळ सकाळी आठ ते साडेनऊचीच ठेवावी. प्रत्येक मुलाकडे एक चिठ्ठी असावी, तीवर दर आठवड्याला 'मला काय खटकले' एवढेच लिहायचे, आणि चिठ्ठ्या पाकिटात बंद करून आठवा भाग संपल्यावरच फोडायच्या. पाकिटावर मुलाचे नाव आणि तारीख घालायला विसरू नये; आठव्या आठवड्यात 'मी हे तिसऱ्याच भागात ओळखले होते' म्हणणारे बरेच निघतात.

आपले,
ग्रंथालयांच्या बालविभागात काम करणारे काही कार्यकर्ते
सोलापूर